दगडांचा वैद्य : बर्नार्ड फील्डन यांचे कार्य आणि आपले सभागृह

(ट्रस्टच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले भाषण)



आपल्या ट्रस्टला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. ज्या व्यासपीठावरून मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली, तेथे एका शाळामास्तराला उभे करण्यात आपण थोडी जोखीमच पत्करली आहे. मी विज्ञान व गणित शिकवितो. शाळेत तास संपला की घंटा होते, मुले सुटतात आणि मीही सुटतो. येथे घंटा नाही. तेव्हा घड्याळाकडे माझे मलाच लक्ष ठेवावे लागेल.

विषय कोणता, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "बर्नार्ड फील्डन नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाविषयी बोलतो." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मास्तर, त्यांचा आपल्या ट्रस्टशी काय संबंध?" प्रश्न रास्त होता. पण उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते, म्हणून तेव्हा मी नुसता हसलो. आज ते उत्तर देतो. ज्या सभागृहात आपण बसलो आहोत ते पाडावे की राखावे, याचा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे यावयाचा आहे. मी विश्वस्त नाही. मी या ट्रस्टच्या वाचनालयात वाढलेला एक मुलगा आहे. त्या नात्याने, मत देण्यापूर्वी एका जाणत्या माणसाची आपणांशी ओळख करून द्यावी, एवढीच माझी इच्छा आहे.

पण त्या जाणत्या माणसाकडे वळण्यापूर्वी एका अजाण माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे. तो अजाण माणूस म्हणजे मीच.

आमचे घर जांभ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले, वर मंगळुरी कौले. अब्बा दरवर्षी रोहिणी नक्षत्र लागले की शिडी लावून कौले चाळून घेत, पन्हळी साफ करीत आणि भिंतींना चुन्याचा हात देत. मला ते सारे जुनाट वाटे. अब्बा गेल्यावर घर माझ्याकडे आले. मी बी.एस्सी., बी.एड. झालेला, पगारदार माणूस. म्हटले, एकदाच काय तो खर्च करू आणि मोकळे होऊ. आतून बाहेरून चुन्याचा गिलावा खरवडून काढला, सिमेंटचा जाड गिलावा करवून घेतला आणि वर तैलरंग दिला. घर आरशासारखे झाले. शेजारीपाजारी पाहून गेले. अम्मा मात्र भिंतीवर हात फिरवून एवढेच म्हणाली, "गार लागते रे."

पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीपासून हातभर उंचीवर ओल दिसू लागली. मग ती कमरेएवढी चढली. रंगाला फोड आले, फोडांखाली पांढरा लोणा. तिसऱ्या वर्षी श्रावणात एका रात्री मोठा आवाज झाला. मधल्या खोलीची तुळई भिंतीत जेथे टेकली होती तेथे आतल्या आत कुजली होती आणि ते टोक वीतभर खाली आले होते. खाली अम्माचे अंथरूण होते. ती त्या वेळी पाणी प्यायला उठली होती, म्हणून आज ती हयात आहे.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावले. त्यांनी थापीच्या मुठीने भिंत जागोजागी वाजवून पाहिली. बद्द, पोकळ आवाज. मी विचारले, "चाचा, पाऊस एवढा आत कसा शिरला?" ते म्हणाले, "मास्तर, पावसानं न्हाई, तुमच्या शिमिटानं भिजलीया भिंत."

मी वर्गात मुलांना चुन्याचे रसायन शिकवितो. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, पाणी घातले की तो विरतो, आणि भिंतीत गेल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश पुन्हा चुनखडी बनतो. फळ्यावर ही समीकरणे मी कित्येकदा लिहिली असतील. चुन्यातून ओल आत येते तशी बाहेरही जाते, पण सिमेंट तिला आतच कोंडते; ही गोष्ट मात्र मला तुळई खाली आल्यावर कळली. जमिनीतून चढलेल्या ओलीला बाहेर पडण्याची वाट मी माझ्या हाताने बंद केली होती. चूक गवंड्यांची नव्हती, दुकानदाराची नव्हती. ती माझी होती. तिचे प्रायश्चित्त म्हणून मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता फील्डनसाहेबांपर्यंत पोहोचलो.

बर्नार्ड फील्डन यांचा जन्म १९१९ साली लंडनमध्ये झाला. त्यांचे आजोबा वास्तुविशारद होते. बर्नार्ड १९३८ मध्ये लंडनच्या बार्टलेट विद्यालयात वास्तुकला शिकू लागले आणि लगेच दुसरे महायुद्ध पेटले. शिक्षण अर्धवट राहिले. ते सैन्यात गेले, आणि तेही कोठे? बंगाल सॅपर्स अँड मायनर्स या, रुडकी येथे मुख्य ठाणे असलेल्या, आपल्या हिंदुस्थानी पथकात. ही पथके पूल बांधणारी, रस्ते करणारी, सुरुंग काढणारी. पुढे ज्याला हजार वर्षांचे पाये उकरावयाचे होते, त्याने तारुण्यातच फावडे आणि दोर हाताळलेल्या माणसांबरोबर काम केले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. युद्ध संपल्यावर त्यांनी लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनच्या शाळेत शिक्षण पुरे केले. १९४९ साली ते पदवीधर झाले तेव्हा तिशीला आले होते. आपल्यापैकी ज्यांच्या मुलांची वर्षे परिस्थितीमुळे वाया गेली असतील, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे त्यांनी इंग्लंडच्या पूर्वेस नॉरिच या जुन्या गावी बस्तान बसविले आणि डेव्हिड मॉसन यांच्यासह 'फील्डन अँड मॉसन' ही संस्था उभी केली. तेथील कॅथीड्रलच्या वास्तूची जबाबदारी १९६३ मध्ये त्यांच्याकडे आली. या कॅथीड्रलचे निमुळते शिखर ३१५ फूट उंच आहे. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, यॉर्क मिन्स्टर या प्रचंड कॅथीड्रलची देखरेख त्यांच्याकडे सोपविण्यात आली, आणि १९६९ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचीही. एका माणसाच्या खांद्यावर तीन कॅथीड्रले! पण त्यांचे नाव ज्या कामाने जगभर झाले ते यॉर्कचे. त्याची हकीगत जरा सविस्तर सांगतो.

यॉर्क मिन्स्टरची आजची इमारत साधारण १२२० पासून १४७२ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, बांधली जात होती. मधोमध एक चौकोनी मनोरा आहे. पूर्वीचा मनोरा १४०७ मध्ये कोसळला, त्या जागी हा उभा राहिला. त्याचे वजन सुमारे १६,००० टन. आपल्याकडचा एक मालट्रक दहा टन माल नेतो असे धरले, तर सोळाशे मालट्रकांचा भार चार खांबांवर! आता गंमत, किंवा संकट, असे की हे चार खांब ज्या पायावर उभे आहेत तो पाया त्या मनोऱ्यासाठी घातलेलाच नव्हता. तो अकराव्या शतकातील नॉर्मन चर्चचा, त्या काळच्या हलक्या इमारतीसाठी केलेला. पुढच्या पिढ्यांनी जुन्या जोत्यावर मजल्यावर मजले चढविले. त्या पायात मजबुतीसाठी घातलेली लाकडे कधीच कुजून गेली होती. त्याच्याही खाली रोमन लष्करी ठाण्याच्या भिंती आडव्यातिडव्या गेलेल्या. त्यामुळे जमीन एका जागी टणक तर शेजारी भुसभुशीत. परिणामी पाया सर्वत्र सारखा खचत नव्हता. मनोऱ्याला तडे गेले होते. पूर्वेकडची उंच भिंत बाहेर झुकली होती.

फील्डन यांनी कार्यभार घेतल्यावर पहिली गोष्ट कोणती केली असेल? त्यांनी पाहिले. नुसते पाहिले. दोन वर्षे त्यांनी इमारतीची तपासणी चालविली. कोणता तडा जुना आहे आणि कोणता अजून वाढतो आहे, हे मोजून ठरविले. तड्यावर खूणपट्टी बसवावयाची, तारीख घालावयाची, आणि धीर धरून वाट पाहावयाची. जुना तडा म्हणजे भरलेली जखम. तिला उगाच हात लावू नये. वाढता तडा म्हणजे चालू ज्वर. तेथे वेळ दवडू नये. हा विवेक झाल्यावर १९६७ मध्ये त्यांनी निदान लोकांपुढे ठेवले: मनोरा धोक्यात आहे, आता काम केले नाही तर तो पडेल. वीस लक्ष पौंडांचे आवाहन काढण्यात आले आणि काम सुरू झाले.

काम कसे केले ते ऐकण्यासारखे आहे. सोबतीला ओव्ह अरुप यांच्या संस्थेचे इंजिनियर होते. चारही खांबांच्या भोवती जमीन उकरून जुना नॉर्मन पाया उघडा केला. तो काढून टाकला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंनी काँक्रीटचे मोठे गळपट्टे घातले आणि जुन्या दगडकामाला आरपार भोके पाडून त्यांतून न गंजणाऱ्या पोलादाच्या सळया ओढून, ताणून, जुने आणि नवे एकजीव केले. लहान मुलाच्या हाडाला दोन्हीकडून पट्ट्या लावून बांधतात, तसे. खालची माती मागाहून दबली तर मनोरा पुन्हा हलेल. म्हणून नव्या पायाखाली पोलादी पत्र्याचे चपटे दट्टे ठेवून, त्यांत दाबाने द्रव भरून, माती आधीच दाबून घेतली. भार वाहणारा पाया रुंदावला आणि १६,००० टनांचे ओझे मोठ्या जागेवर पसरले.

खणताना रोमन ठाण्याच्या मुख्य इमारतीचे अवशेष हाती लागले. ज्या यॉर्कमध्ये इ. स. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट म्हणून घोषित केले, त्याच ठाण्याचे हे अवशेष. कामाची घाई, वर मनोरा टांगलेला, पैसा मोजका. अशा वेळी 'दगड बाजूला टाका आणि काँक्रीट ओता' असे म्हणणे किती सोपे होते! पण इंजिनियर, गवंडी आणि पुरातत्त्ववेत्ते यांनी एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी काम केले. १९७२ मध्ये, मिन्स्टर पूर्ण झाल्याला पाचशे वर्षे होत असता, हे काम पुरे झाले आणि तळघरात संग्रहालय उघडले. तेथे गेले की रोमन भिंत, नॉर्मन पाया आणि विसाव्या शतकातील काँक्रीट व सळयांची टोके, तिन्ही दिसतात. फील्डन यांनी आपले काम जुन्याचे सोंग देऊन झाकले नाही. 'हे त्यांचे, हे आमचे' असे प्रामाणिकपणे उघडे ठेवले. मला यात एक प्रकारची सचोटी दिसते. हिशेबाच्या वहीत जशी आपण जुनी शिल्लक वेगळी आणि नवी जमा वेगळी दाखवितो, तशी.

आता त्यांच्या आयुष्यातील दुसरा भाग. तो मला शिक्षक म्हणून अधिक जवळचा आहे.

१९७७ साली, कीर्ती शिखरावर असता, त्यांनी तिन्ही कॅथीड्रलांची पदे सोडली आणि रोमला गेले. तेथे 'इक्रॉम' ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. वारशाच्या वास्तू व वस्तू कशा राखाव्यात, याचा अभ्यास आणि शिक्षण हे तिचे काम. या संस्थेचे एक सूत्र आपल्या देशातही आहे. ती स्थापन करावी असा निर्णय युनेस्कोच्या ज्या परिषदेत झाला, ती १९५६ मध्ये नवी दिल्लीत भरली होती. १९५९ मध्ये रोम येथे काम सुरू झाले. फील्डन १९७७ ते १९८१ तिचे संचालक होते. देशोदेशीचे वास्तुविशारद तेथे शिकावयास येत आणि शिकून आपापल्या देशी परतत.

पन्नाशी उलटल्यावर, हाती चाललेले मोठे काम सोडून, माणूस शिकविण्याकडे का वळतो? माझा तर्क असा आहे. एक माणूस जन्मभर राबला तरी तीन-चार इमारती वाचवील. शंभर माणसे शिकवून पाठविली तर त्या वाचवतील त्यांची गणती कोण करणार? आम्हा मास्तरांची सारी मिळकत याच गणितावर चालते.

त्यांनी शिकविलेले सारे १९८२ मध्ये 'कॉन्झर्व्हेशन ऑफ हिस्टॉरिक बिल्डिंग्ज' या त्यांच्या ग्रंथात आले आणि तो जगभर पाठ्यपुस्तक झाला. १९८५ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. आपल्या देशात वारसा-रक्षणासाठी १९८४ मध्ये 'इन्टॅक' ही संस्था निघाली. तिच्यासाठी त्यांनी भारतीय परिस्थितीला धरून एक तांत्रिक मार्गदर्शिका लिहिली, ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले.

त्यांच्या शिकवणीचे सार मी चार मुद्द्यांत, माझ्या शब्दांत, सांगतो. विद्यार्थ्यांना मी नेहमी चारच मुद्दे देतो; पाचवा कोणी लिहीत नाही.

पहिला मुद्दा: आधी निदान, मग उपचार. फील्डन जुन्या इमारतीच्या वास्तुविशारदाची तुलना वैद्याशी करीत. वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, पूर्वी काय झाले ते विचारतो. जो आल्याबरोबर शस्त्रक्रिया सांगतो त्याच्याकडे आपण पुन्हा जात नाही. इमारतीला नासविणारे पहिले कारण म्हणजे गुरुत्वाकर्षण. ते रात्रंदिवस ओढत असते. त्यानंतरचे कारण माणूस. ऊन, पाऊस, झाडांची मुळे आणि वाळवी यांचा नंबर त्याच्या मागून लागतो. माणसाचे नाव पावसाच्याही आधी आले, हे वाचले तेव्हा मला त्या गवंडीचाचांची आठवण झाली.

दुसरा मुद्दा: कमीत कमी हस्तक्षेप. दुरुस्तीच्या पायऱ्या असतात. नासाडी होऊ न देणे ही पहिली पायरी. मग आहे ते राखणे, मग बळकटी देणे, मग पूर्वरूप आणणे, मग नव्या उपयोगात आणणे, मग प्रतिकृती, आणि अगदी शेवटी पुनर्बांधणी. जेथे पहिल्या पायरीवर भागते तेथे चौथीवर उडी मारू नये. आणि जे करावयाचे ते पुढच्या पिढीला, तिला वाटल्यास, काढून टाकता येईल असे करावे. आपण शेवटचे शहाणे नव्हे, हे त्यात गृहीत आहे.

तिसरा मुद्दा: टिपण. हात लावण्यापूर्वी, हात लावताना आणि हात लावल्यावर इमारत कशी होती, हे लिहून, काढून, छायाचित्रे घेऊन ठेवावे.

चौथा मुद्दा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित: नित्याची निगा. इंग्लंडच्या चर्चमध्ये १९५५ च्या एका कायद्याने प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी जाणत्याकडून तपासणी सक्तीची झाली. फील्डन यांनी त्याच्याही पुढे जाऊन रोजची, आठवड्याची, महिन्याची, वर्षाची कामे वाटून दिली. झाडलोट करणाऱ्या माणसालाही काय पाहावे ते शिकवावे, कारण छताखाली नवा डाग पडलेला त्यालाच पहिल्यांदा दिसतो. पन्हळीत साठलेला पाचोळा काढावयास एक सकाळ पुरते. तो न काढल्यास पाणी भिंतीत जिरते, आणि मग लाखांचा हिशेब सुरू होतो.

मंडळी, या चौथ्या मुद्द्यात आपल्याला नवे काय आहे? माझे अब्बा रोहिणीत शिडी लावत, ते याहून वेगळे काय होते? वक्फाच्या हनफी शास्त्रात असा नियम आहे की, वक्फाच्या उत्पन्नातून पहिला खर्च वास्तूच्या दुरुस्तीवर करावा, लाभार्थींचा वाटा त्यानंतर. आणि वक्फ करणाऱ्याने तसे लिहून ठेवले नसले तरीही. हिंदू परंपरेत जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधकामाहून मोठे मानले आहे. आपल्या किल्ल्यातच पाहा. इ. स. १२०४ ची कमल बस्ती आजही उभी आहे आणि जवळच आदिलशाहीतील असदखानाची सफा मशीदही. विजापूरला मुलांची सहल घेऊन गेलो की मी त्यांना गोलघुमटाखाली उभे करतो. आतून सुमारे १२४ फूट व्यास, मध्ये एक खांब नाही. मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये वारला, तेव्हापासून तो घुमट चुन्यावर उभा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना हे ज्ञान होते. आपण ते खरवडून काढले, आणि एका इंग्रजाने ते पुस्तकात लिहून आपल्याला परत दिले. घ्यावयास लाज कशाची?

आता आपल्या सभागृहाकडे वळतो. ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे तीन मुद्दे मी लक्षपूर्वक ऐकले आहेत, आणि ते क्षुल्लक नाहीत.

ते म्हणतात, जागा अपुरी पडते. खरे आहे, वाचनालयात परीक्षेच्या दिवसांत मुले पायरीवर बसतात. ते म्हणतात, नव्या इमारतीत खाली दुकाने काढली तर भाड्यातून शिष्यवृत्त्या वाढविता येतील. हेही खरे, आणि गरीब मुलाची शिष्यवृत्ती ही कौलांपेक्षा मोठी गोष्ट आहे, हे मी मास्तर असून नाकारणार नाही. फील्डन यांनीही नव्या बांधकामाला कधी नाक मुरडले नाही. नॉरिचच्या विद्यापीठात त्यांनी नव्या इमारतींचे काम केले, नदीकाठी नवी घरे बांधली. जुने आहे एवढ्यावरून प्रत्येक भिंत पवित्र ठरत नाही.

परंतु तिसरा मुद्दा असा की, इमारत धोकादायक झाली आहे, भिंतींना तडे आहेत, आता ती राहणार नाही. येथे मी थांबतो आणि विचारतो: कोणी पाहिले? कोणत्या तड्याची नाडी कोणी धरली?

चिटणीसांच्या परवानगीने गेल्या वर्षी मे महिन्यात मी आणि इयत्ता नववीच्या सहा मुलांनी एक लहानसा प्रयोग केला. भिंतींना जे चार मोठे तडे आहेत, त्यांवर काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या बसविल्या. दोन्ही टोके घट्ट चिकटविली आणि खाली तारीख घातली. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. मुले दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येऊन वहीत नोंद करीत. अख्खा पावसाळा गेला, हिवाळा गेला. आज चारांपैकी तीन काचा जशाच्या तशा आहेत. हे तडे जुने आहेत. आपल्यापैकी काहींच्या जन्माआधीचेही असतील.

चौथी काच ऑगस्टमध्ये तडकली. हे मी लपविणार नाही. ती ईशान्येच्या कोपऱ्यावरची. मुलांपैकी एकाने वर पाहिले आणि म्हणाला, "सर, पन्हळ इथंच फुटलीय." छपराच्या त्या बाजूचे सारे पाणी फुटक्या पन्हळीतून नेमके त्या कोपऱ्याच्या पायाशी पडते. तेथे माती वाहून खड्डा झाला आहे आणि भिंतीला आपणच काही वर्षांपूर्वी केलेला सिमेंटचा गिलावा आहे. रोग कोठे आहे, हे नववीच्या मुलाला दिसले. आम्हा मोठ्यांना नऊ-दहा वर्षे दिसले नाही.

यावरून इमारत निर्धोक आहे असे मी म्हणत नाही. माझी काच म्हणजे घरातला थर्मामीटर. तो ताप सांगतो, औषध सांगत नाही. कौलांखालचे वासे, तुळयांची भिंतीतली टोके मी पाहिलेली नाहीत, आणि तुळईच्या टोकाविषयी मी किती भित्रा आहे ते आपण ऐकलेच. म्हणून माझी मागणी फार लहान आहे. ठराव एक वर्ष पुढे ढकलावा. त्या वर्षात जुन्या चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेल्या वास्तुविशारदाकडून लेखी तपासणी करून घ्यावी. मृगाच्या आत पन्हळ बदलावी आणि त्या कोपऱ्यातले पाणी भिंतीपासून दूर न्यावे. तोवर त्या कोपऱ्याकडच्या खोलीत मुलांना बसवू नये. मग जो अहवाल येईल तो सभेपुढे ठेवावा. मागच्या मोकळ्या जागेत नवी खोली बांधून जुने सभागृह राखता येते का, हेही त्यात विचारावे. इमारत वाचण्यासारखी नाही असे त्यात निघाले, तर पाडण्याच्या बाजूने पहिला हात मी वर करीन. पण तपासणीशिवाय पाडले, तर मी माझ्या घरात जे केले तेच आपण येथे करू. फरक इतकाच की, माझ्या घराची चूक मी एकट्याने भोगली.

खर्चाचे विचाराल, तर एका तपासणीला जे लागेल त्यातील माझा वाटा म्हणून एक महिन्याचा पगार मी आज येथे चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहे. यात दानशूरपणा काही नाही. या सभागृहातील कंदिलाच्या, आणि पुढे विजेच्या, उजेडात बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केला. घरी तेव्हा आम्ही सात भावंडे होतो आणि एकच खोली. रात्री नऊला दार बंद करावयाचे असा नियम असता तेव्हाचे ग्रंथपाल मला किल्ली देऊन जात आणि म्हणत, "जाताना खिडक्या लाव रे, पाऊस आत येतो." त्या खिडक्या मी तीन वर्षे लावल्या. आज जे बोललो ते त्याच कामाचे पुढचे पान आहे असे समजावे.

ती सहा मुले मागच्या रांगेत बसली आहेत. नोंदवही त्यांच्यापाशी आहे. सभा संपल्यावर ज्यांना इच्छा असेल त्यांना ती चारही काचा दाखवितील. तडकलेली काच आधी पाहावी, ही माझी विनंती.